पायाला कळणारी ओल

४ ऑक्टोबर

दादा,

तुझ्या पत्राची वाट बघून थकले आणि शेवटी मीच लिहायला बसले. दर वर्षी सप्टेंबर संपायच्या आत तुझं बोलावणं येतं. यंदा चार तारीख झाली तरी पोस्टमन आमच्या दारावरून मान खाली घालून जातो, जणू त्यानेच पत्र गिळलंय. फोन केला असता, पण पाण्याच्या टाकीपर्यंत चालत गेल्याशिवाय तुला ऐकू येत नाही, आणि टाकीवर गेलास की "बरं आहे, बरं आहे" असं दोनदा ओरडून तू फोन ठेवतोस. बरं काय आहे ते मला आजवर कळलेलं नाही.

मी मात्र आठ दिवसांची रजा टाकून ठेवली आहे. धुलाईखान्याच्या मालकीणबाई म्हणाल्या, लोक रजा काढून आराम करतात, तुम्ही हाडांची काडं करायला जाता. मी म्हटलं, बाई, इथे दिवसाला दोनशे चादरींवर इस्त्री फिरवते आणि चार दिवसांनी त्याच चादरी चुरगळून परत येतात. आमची गवताची गंजी एकदा रचली की वर्षभर उभी राहते. इस्त्रीच्या टेबलावरच्या बायकांना मी मग सगळं सांगितलं. खालून दादा काट्यावर पेंढी उचलून फेकतो, मी वर अनवाणी गोल गोल फिरत ती पायाखाली दाबते, आणि पायाला जरा गार लागली की परत खाली टाकून देते. त्यातली एक म्हणाली, म्हणजे आठ दिवस नाचायलाच जाता की. मी म्हटलं, ये एकदा नाचायला, दुसऱ्या दिवशी केस विंचरायला हात वर गेला तर माझं नाव बदल.

माझी तब्येत ठणठणीत आहे. कापणी कधी धरतोस ते लगेच कळव. वहिनींना नमस्कार.

तुझी भिंगरी


१० ऑक्टोबर

भिंगरी,

पत्र मिळालं. रजा रद्द कर. यंदा तू येऊ नकोस.

घाबरण्यासारखं काही नाही. यंदा गवत विरळ आहे. शेजारचे दोघे भाऊ मदतीला येतो म्हणालेत, त्यामुळे हातांची कमी नाही. गंजीही लहानच होईल, ती मीच रचेन. एवढी वर्षं खालून तोंड वर करून बघतोय, काहीतरी शिकलो असेनच. वरच्या कुरणातली कापणी सोमवारी धरतो, ओढ्याकाठची त्यानंतर.

नवे बूट घेतलेत, चांगले पोटरीपर्यंतचे. ते घातल्यावर मी जमीन मोजायला आलेल्या अधिकाऱ्यासारखा दिसतो असं तुझ्या वहिनीचं म्हणणं आहे. गायी सातही ठीक आहेत. तांबडीला वासरू झालं.

तू आठ दिवस झोप काढ. वर्षभर उभी असतेस.

दादा


१४ ऑक्टोबर

आदरणीय दादा,

आपलं पत्र मिळालं. बोलावणं आलं नसतं तर पोस्टात हरवलं असं मी स्वतःला समजावलं असतं. पण येऊ नकोस असं तुमच्या अक्षरात लिहून आलं, त्याला काय म्हणू?

वडील गेले त्या वर्षीपासून, म्हणजे एकतीस वर्षं, ती गंजी मी रचते आहे. लग्न झालं तरी आले. हे गेले त्या वर्षीही आले, आणि वर उभी राहून रडले, कारण तिथे कुणाला दिसत नाही. तुम्ही मला कामाला बोलावता आणि मी घरी येते, एवढाच काय तो फरक. इथे माझ्या खोलीचं कुलूप मीच लावते आणि मीच उघडते. वर्षातले आठ दिवस मी अशा घरात झोपते जिथे कुणीतरी आधीच दिवा लावलेला असतो. हे मी कधी बोलले नाही. बोलायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

कारण मला कळलंय. मागच्या वर्षी वहिनींनी बांधलेल्या पेंढ्यांवरून मी शेजाऱ्यांदेखत म्हणाले होते, "ही पेंढी आहे की पसारा?" तेव्हा त्या हसल्या होत्या, पण झोंबलं असणारच. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तशी माझी जीभ. त्यांची मी माफी मागते. तरीही बोलवायचं नसेल तर विरळ गवताची सबब सांगू नका, सरळ लिहा.

शहरात बसून उंटावरून शेळ्या हाकते आहे असं वाटेल, पण एक सांगून ठेवते. ओढ्याकाठचं गवत दोन दिवस जास्त उन्हात राहू द्या. ते वरून वाळलेलं दिसतं, देठात ओल धरून बसतं. हाताला कळत नाही, पायालाच कळतं. बूट काढून रचा.

आपली बहीण


२९ ऑक्टोबर, सकाळ

वन्सं,

नमस्कार. हे पत्र मी दुधाच्या गाडीवाल्याच्या हाती देते आहे, म्हणजे दुपारपर्यंत तुम्हाला मिळेल. पोस्टाच्या भरवशावर राहिले तर उत्तर यायच्या आत गंजी पेटलेली असेल. ह्यांना यातलं काही माहीत नाही. ते गोठ्यात आहेत आणि मी दूध मोजायचं सोडून लिहिते आहे.

आधी तुमच्या पत्राबद्दल. ते ह्यांनी मला वाचायला दिलं नाही, पण उशीखाली ठेवलं, आणि उशा कोण झटकतं? माझ्या पेंढ्या सैलच असतात हो. तुम्ही म्हणालात ते खरं होतं म्हणून मी हसले. वर्षभर कुणी खरं बोलत नाही या घरात, तेवढं तुम्ही आल्यावर ऐकायला मिळतं. माफी कसली मागता?

तुम्हाला बोलावलं नाही त्याचं कारण तुमचा गुडघा. मागच्या वर्षी शेवटच्या दिवशी तुम्ही शिडीवरून उतरत होता ते ह्यांनी पाहिलं. प्रत्येक पायरीवर आधी एक पाय, मग दुसरा, आणि खाली आल्यावर बैलगाडीच्या चाकाला धरून पाच मिनिटं उभ्या होता. चपलेचा बंद बघतेय असं दाखवत होता म्हणे. ह्या वर्षी मी विचारलं, बोलावत का नाही? तर म्हणाले, "ये म्हटलं तर ती वर चढणारच. नको म्हटलं तर रागावून का होईना, घरी बसेल." मी म्हटलं, हे तिला लिहा की. तर म्हणे, असं कुणी लिहितं का.

आता दुसरं. शेजारचे भाऊ येणार होते ते खोटं. त्यांनी कापणीचं यंत्र घेतलंय आणि महिनाभर ते दुसऱ्यांच्या शेतांवर फिरताहेत. आम्ही दोघांनीच सगळं कापलं. पहाटे दवातच विळा धरायचा, कारण ओलसर गवत नीट कापलं जातं. ऊन चढलं की आदल्या दिवशीचं उलथायचं, दुपारी ओळी लावायच्या, संध्याकाळी पेंढ्या. चौथ्या दिवसापासून सकाळी माझी बोटं उघडेनात. गरम पाण्याच्या भांड्यात हात बुडवून एकेक सरळ करायची आणि मग चहा टाकायची. कोपरापर्यंत हात सोलले, मानेवरून गवताचा भुसा आत गेला की दिवसभर टोचत राहतो. कंबरेचं तर विचारू नका. आमच्या वयाच्या माणसांनी हे दोघांत करायचं नसतं, पण सांगायचं कुणाला? आपला हट्ट आणि आपलीच कंबर.

आणि ते बूट. वन्सं, ह्यांच्या पायांना काही कळेनासं झालंय. किती महिने झाले ते सांगत नाहीत. कापणीआधी अवजारं काढताना दाताळ्याचा दात तळपायात घुसला, तर मला फरशीवर रक्ताचे ठसे दिसले तेव्हा ह्यांना समजलं. म्हणून बूट. मी डॉक्टर म्हटलं की ते गंजी म्हणतात. आणि त्याच पायांनी त्यांनी गंजी रचली. मी खालून फेकत होते. एकही पेंढी परत खाली आली नाही. मला वाटलं, वा, यंदा वाळवण चांगलं झालं. माझी अक्कल तेव्हा कुठे चरायला गेली होती कोण जाणे.

ओल आत दबली की गंजी आपोआप तापते, तसंच झालं; काल गोठ्यामागे गोडसर, भाजल्यासारखा वास आला. आतला ताप बघायला ह्यांनी गंजीत लोखंडी पहार खुपसून ठेवली. आज सकाळी ओढून काढली तर हातात धरवेना. ते एकटेच उघडतो म्हणतात. हिवाळ्याची सगळी वैरण त्यात आहे. काल जेवताना म्हणाले, जमलं नाही तर गायी विकू, कुरण शेजाऱ्यांच्या यंत्राला देऊन टाकू आणि गप बसू. पान पुढे होतं, घास हातात होता, पण खाल्लं नाही.

तुम्ही या असं मी म्हणत नाही. तुमचा गुडघा मला कळतो. फक्त एवढं सांगा, तापलेली गंजी कुठून उघडायची?

तुमची वहिनी


२९ ऑक्टोबर, दुपार

वहिनी,

गाडीवाला दारात उभा आहे, म्हणून थोडक्यात. वरून उघडायची, थरावर थर. बाजूने भोक पाडू नका, आत वारा शिरला की पेट घेईल. पाण्याची पिंपं आधी भरा. थेट गवतावर कुणी उभं राहायचं नाही, आतून जळून पोकळ झाली असेल तर माणूस कमरेपर्यंत आत जातो. फळ्या आडव्या टाका आणि त्यांच्यावर उभे राहा. निघेल ते गवत गोठ्यापासून लांब पसरा. आज फक्त पिंपं भरा. उघडू नका.

मी उद्या पहाटेच्या गाडीने निघते. दादाला सांगा किंवा नका सांगू.

लांब शिडी कुठेतरी लपवून ठेवा. समोर दिसली तर मी चढेन. आणि बसायला एक स्टूल काढून ठेवा, जरा उंच. गुडघा आता पूर्ण वाकत नाही. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, मालकीणबाईंनासुद्धा नाही.

भिंगरी


१६ नोव्हेंबर

दादा,

नीट पोचले. आधीची आठ दिवसांची रजा रद्द केली आणि मग न विचारता नऊ दिवस राहून आले म्हणून मालकीणबाईंनी तोंड भरून ऐकवलं. मग माझे तळहात बघितले आणि दोन दिवस मला घड्या घालायच्या टेबलावर बसवलं. बसून. एकवीस वर्षांत पहिल्यांदा.

इथल्या बायकांना मी सगळं सांगितलं, फक्त एक सोडून. तू फळीवर पोटावर पडून वरचे थर काढत होतास आणि वाफ येत होती ते सांगितलं. मधलं गवत तंबाखूसारखं काळपट निघालं आणि त्याच्या खालचं नुसतं कोळसा, तरी गायी काळपट गवतावर तुटून पडल्या तेही सांगितलं. नवी गंजी रचायला वहिनी पहिल्यांदाच वर चढल्या आणि उलट्या दिशेने फिरायला लागल्या, तू खालून "इकडून, इकडून" ओरडत राहिलास आणि त्या म्हणाल्या की गंजी गोल आहे, कुठूनही गेलं तरी तिथेच यायचं, यावर तर सगळ्या खूप हसल्या. मी स्टुलावर चपला काढून बसले होते, तू प्रत्येक पेंढी आधी माझ्या पायाखाली धरायचास, मी म्हणेन ती वर आणि म्हणेन ती परत उन्हात. पाच दिवस. आम्हा तिघांचं मिळून एक धड माणूस होतं असं मी सांगितलं. ते खोटं नाही.

जे सांगितलं नाही ते तुला लिहिते, कारण समोर असताना आपण दोघेही त्यावर बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तू म्हणालास, पायाचं काही नाही, वहिनी उगाच राईचा पर्वत करते. मी तुझे बूट काढले. तू काढू दिलेस. ओढ्याकाठची एक पेंढी मी तुझ्या तळपायाला लावली आणि विचारलं, ओली की कोरडी? तू लगेच म्हणालास, "कोरडी." मग माझ्या तोंडाकडे बघितलंस आणि हळूच विचारलंस, "नाही का?"

दादा, त्या पेंढीतून पाणी ठिबकत होतं.

मला तुझा राग आला होता तो तिथेच संपला. मी पोरीसारखी रुसून चार पानी पत्र लिहिलं, तुला आदरणीय म्हटलं, आणि तू ते उशीखाली ठेवून पहाटे विळा घेऊन निघालास. मला वाटत होतं मी घराला परकी झाले. तुला वाटत होतं मी पडेन. दोघांनी एकेक ओळ खरी लिहिली असती तर वहिनींची बोटं वाचली असती. मी मग माझ्या गुडघ्यावरची पट्टी सोडून दाखवली, तू बघितलीस आणि म्हणालास, चांगलीच सुजलीय की. एवढंच बोललास, पण त्यानंतर पाचही दिवस स्टूल तूच उचलून सावलीत सरकवत होतास.

डॉक्टरकडे जा. मी वाट बघते आहे असं समज. मी गेल्या मंगळवारी दाखवलं. जिने चढू नका म्हणाले. मी म्हटलं, जिना उतरल्याशिवाय इथून जाऊ कशी? ते हसले नाहीत.

गंजीत पहार घालून ठेवली आहेस ना? काय निघालं ते कळव.

भिंगरी


११ डिसेंबर

भिंगरी,

पहार गार निघाली. तीन वेळा घातली, तीन वेगवेगळ्या जागी, आणि तिन्ही वेळा तुझ्या वहिनीने हातात धरून बघितली. माझ्या हातावर तिचा विश्वास उरलेला नाही. हात शाबूत आहेत हे सांगून पाहिलं.

वैरण निम्म्याहून थोडी जास्त वाचली. सात गायींना पुरणार नाही. दोन गायी हिवाळ्यापुरत्या शेजाऱ्यांकडे दिल्या आहेत, दूध त्यांनी घ्यायचं आणि चारा त्यांनी घालायचा, वसंतात परत. तांबडी आणि तिचं वासरू इथेच आहेत. विकलं कुणालाच नाही.

डॉक्टरकडे गेलो. रक्तात साखर निघाली, बरीच. पायांना कळेनासं किती दिवस झालं असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं तीन महिने. तुझी वहिनी शेजारून म्हणाली, आठ. डॉक्टरने आठ लिहून घेतले. गेलेलं सगळं परत येईलच असं नाही, पण असेल तेवढं टिकवायचं. रोज संध्याकाळी ती माझे तळपाय दिव्याखाली धरून तपासते, कुठे काही घुसलंय का म्हणून. इतकी वर्षं एका घरात राहून माझे पाय तिने पहिल्यांदा नीट बघितले असतील. चांगले आहेत म्हणाली.

ओढ्याकाठचं कुरण पुढच्या वर्षीपासून शेजाऱ्यांच्या यंत्राला देतोय. ते त्यातली निम्मी वैरण आपल्याला वाळवून देतील. वरचं कुरण आपणच कापू, पण उंच गंजी नाही. कमरेइतक्या चार रचू, कुणाला चढायला नको. उंचच हवी असं कुणी सांगितलंय म्हणून विचार केला, तर मीच सांगत आलो होतो.

तुझं ते चौदा तारखेचं पत्र मी पुन्हा काढून वाचलं. त्यात लिहिलंयस की मी तुला कामाला बोलावतो आणि तू घरी येतेस. त्यावर मी बरेच दिवस विचार करतोय. खरं आहे ते. मला काम असल्याशिवाय माणसाला ये म्हणता येत नाही. वडिलांनाही ते जमायचं नाही. गवत पिवळं पडायची मी वर्षभर वाट बघायचो, ती गवतासाठी नव्हती, हे मला या वयात कळतंय.

तर आता इथे असं आहे. कापणी संपली, गंजी गार आहे, विळे पुसून टांगलेत. सकाळी धार काढली की दिवसभर हाताला काही नाही. तुझी वहिनी वाती करते आणि मी खिडकीत बसतो. तू आलीस तर तुला देण्यासारखं एकही काम नाही.

ये.

दादा